पवार सरांचा कोरा रकाना

हिस्पॅनिक हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो नाशिकच्या गंगापूर रोडवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून जिलबीचा वास यायचा आणि वर आम्ही दहा-बाराजण अमेरिकेतल्या रुग्णांची नावं कॉम्प्युटरमध्ये भरत बसायचो. दोन हजार तीनचं साल असावं. तिकडच्या एका दवाखान्याची जुनी कार्डं स्कॅन होऊन यायची आणि आम्ही ती बघून रकाने भरायचो. नाव, आडनाव, जन्मतारीख, वंश. आणि वंशाच्या खाली हा एक जादाचा रकाना, हिस्पॅनिक आहे का? हो किंवा नाही.

मला वाटलं, आजार असेल काहीतरी. ज्यांच्यापुढे 'हो' दिसायचं त्यांच्याबद्दल मी दोन दिवस मनातल्या मनात हळहळत होते. तिसऱ्या दिवशी हे बोलून दाखवलं, तर सगळे हसले, पण नक्की काय ते त्यांनाही सांगता येईना. फक्त पवार सर हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि ते घाईघाईनं वहीत काहीतरी लिहून घेऊ लागले. एखाद्या रकान्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही आणि तो आपण भरतोय, ही गोष्ट त्या माणसाला झोप लागू देणारी नव्हती.

काशिनाथ पवार आमच्याकडे तपासनीस होते. आम्ही भरलेलं सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि त्यांची सही झाल्यावरच पुढे जायचं. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. नव्वदच्या दशकात ते एका छापखान्यात प्रुफं वाचायचे. कॉम्प्युटर आले, छापखाना बंद पडला आणि सर इकडे आले. काळजी करण्यात मी त्यांच्यासारखा माणूस बघितला नाही. संध्याकाळी शटरला कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि अर्ध्यावरून परत वर जाऊन तिसऱ्यांदा ओढून यायचे. आम्ही खाली थांबून घड्याळ बघायचो. शिवाय एक चेनवाली प्लास्टिकची फाइल कायम त्यांच्या मांडीवर. जेवतानासुद्धा खाली ठेवायचे नाहीत. तिच्यात कसल्या कसल्या कागदांच्या झेरॉक्स होत्या, प्रत्येकी पाच-पाच. म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना झेरॉक्स सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, असं आता वाटतं.

तर त्या शब्दासाठी सर दोन दिवस वाचनालयात जाऊन बसले आणि ज्ञानकोशातल्या पानाची झेरॉक्स घेऊनच आले. आम्हाला सगळ्यांना उभं करून समजावलं. रोमन लोक स्पेनच्या मुलखाला हिस्पानिया म्हणायचे, तिथून हा शब्द निघाला. पण अमेरिकेच्या सरकारी कागदावर तो बसला अलीकडे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. कुणी मेक्सिकोहून आलेला, कुणी क्यूबाचा, कुणी पोर्तो रिकोचा. सगळे आपापल्या नावानं राहणारे, एकमेकांशी फारसं देणंघेणं नसलेले. त्यांची गणती करायची तर एक शब्द हवा. मग ज्यांचं मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात, ते सगळे एका रकान्यात. माणूस गोरा असेल, काळा असेल, कसाही असेल, त्याचा इथं संबंध नाही. घरी स्पॅनिशचं अक्षर बोलत नसला तरी चालतो. ब्राझीलचा बहुतेक नाही, कारण तिथं पोर्तुगीज बोलतात. कुणाला हा शब्द आवडतो, कुणी स्वतःला लॅटिनो म्हणवतो, आणि कुणी म्हणतो, मी मेक्सिकन आहे, बास.

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"आपण नाही ओळखायचं," सर म्हणाले. "त्या माणसानं स्वतः खूण केली असेल तर भरायचं. नसेल केली, तर कोरं ते कोरं."

कोरं ते कोरं. हे त्यांचं दिवसातून दहा वेळा चालायचं.

आता माझा स्वभाव सांगते. मी चांदवडची, आहेरांची. आमच्या घरात माणूस दारात आला की पाण्याच्या तांब्याआधी आडनाव विचारायची पद्धत. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की जात, आणि जात कळली की कुठल्या कपात चहा द्यायचा ते आजी डोळ्यांनीच आईला सांगायची. हे सगळं मी बघतच मोठी झाले आणि लाज वाटायच्या ऐवजी त्यात तरबेज झाले. ऑफिसात पैज लावायचे, आडनाव सांगा, बाकीचं मी सांगते. नवीन कुणी आलं की माझी परीक्षा व्हायची आणि मी पास व्हायचे. सर रुजू झाले तेव्हा मी न विचारताच त्यांना म्हणाले होते, "पवार म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की हो." ते नुसते हसले. त्यांनी मांडीवरची फाइल थोडी जवळ ओढली, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं असूनही बघितलं नव्हतं.

जूनच्या शेवटी कामाचा ढीग झाला. मालकांनी रोजच्या कार्डांची संख्या वाढवून दिली. हिस्पॅनिकचा रकाना निम्म्या कार्डांवर कोरा असायचा आणि कोरा रकाना कॉम्प्युटर पुढे जाऊ द्यायचा नाही. 'माहिती नाही' असं निवडून पुन्हा कारण टाइप करावं लागायचं. वेळ जायचा. मला एक युक्ती सुचली. आडनावं तर समोर आहेत. गार्सिया, मार्टिनेझ, लोपेझ आलं की हो. मिलर, स्मिथ आलं की नाही. फर्नांडिस आलं तेव्हा मी क्षणभर थांबले, मग म्हटलं, हेही त्यांच्यातलंच वाटतंय, हो. शेजारच्या दोघींना शिकवलं. आमचा आकडा सगळ्यांच्या पुढे गेला. मी खूश.

एरवी सरांनी हे पहिल्या तासात पकडलं असतं. पण त्या आठवड्यात सर सरच नव्हते. डोळे सुजलेले, डबा तसाच परत जायचा, मध्येच उठून फोन करायला खाली जायचे. शुक्रवारी तर अर्धा दिवस रजा घेऊन गेले आणि जाताना आमचा गठ्ठा न उघडता त्यावर सही करून गेले. त्या माणसाच्या हातून न वाचता झालेली ती बहुधा एकमेव सही.

पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं. त्यांनी काही रुग्णांना फोन करून आमचं काम पडताळलं होतं. मिलर नावाच्या बाई निघाल्या जन्मानं मेक्सिकोच्या, मिलर हे नवऱ्याचं आडनाव. आणि ते फर्नांडिस होते आपल्या गोव्याचे, त्यांचा आणि स्पॅनिशचा काडीचा संबंध नाही. पत्रात शेवटी एक प्रश्न होता. ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्यांचं उत्तर तुम्ही कुठून आणलंत? सगळी कार्डं दहा दिवसांत पुन्हा तपासून द्या, नाहीतर काम बंद.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी केलं हे. घरात माझ्या पगाराची गरज होती आणि तोंड उघडायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी गप्प राहिले. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

"सही माझी आहे," सर म्हणाले. बस, एवढंच.

दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि त्या फाइलची चेन उघडली. एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. पेठ तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेचा उतारा होता, फार जुना. सोमा लहानू पवार, इयत्ता पहिली. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, हिंदू मराठा.

"हे माझे वडील," सर म्हणाले. "आहेर मॅडम, आम्ही कोकणा आहोत. आदिवासी. वडिलांना शाळेत सोडायला गावातलाच कुणी गेला होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. मास्तर शहरातले. रकाना कोरा दिसला, पवार वाचलं, भरून टाकलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. तुमचाही नव्हता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी मनीषा बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली होती आणि तिला डॉक्टरकीला जागा मिळाली होती, आदिवासींच्या राखीव जागांतून. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती. समितीपुढे सगळ्यात जुना कागद महत्त्वाचा, आणि त्यांच्याकडचा सगळ्यात जुना कागद हाच, ज्यावर मराठा लिहिलंय. वैधता मिळाली नाही तर जागा जाणार. नुसती जागा नाही, खोटा दाखला काढला म्हणून बोट दाखवलं जाणार. ऑगस्टअखेर शेवटची सुनावणी. तीन वर्षं ते त्या शाळेत, तालुक्यात खेटे घालत होते. रजिस्टरातले सगळे पवार पाहून झाले होते. सगळ्यांपुढे तेच, मराठा.

"समिती नको असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "खोटे दाखले काढून आमच्या पोरांच्या जागा खाणारे आहेतच. विचारायलाच पाहिजे. पण त्या अमेरिकेत माणसाला विचारतात, तू कोण. इथं कागदाला विचारतात. आणि कागद खोटं बोलला तर मी काय करू?"

हिस्पॅनिकचं ते पानही फाइलमध्ये होतं. ते समितीला दाखवावं का, असं त्यांनी मला खरोखर विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी पान घडी करून परत आत ठेवलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

गावी कुणी त्यांना आदिवासी म्हणत नसे, असंही ते म्हणाले. आम्ही कोकणा, शेजारचे वारली, पलीकडचे महादेव कोळी. देव वेगळे, लग्नं वेगळी, बोलणं वेगळं. नाशिकला आल्यावर कळलं की कागदावर आपण सगळे एक आहोत. म्हणून हिस्पॅनिकचा अर्थ वाचला तेव्हा त्यांना वाईट वाटलं नव्हतं, उलट ओळखीचा वाटला होता.

कार्डं पुन्हा तपासायला घेतली तेव्हा सरांनी एक रीत काढली. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि स्क्रीनवर आडनाव येतं त्या जागी चिकटवल्या. आडनाव दिसायलाच नको. खूण आहे का बघा, असेल तर भरा, नसेल तर कोरं ते कोरं. पहिले दोन दिवस माझे डोळे सारखे त्या पट्टीवर जायचे, खाली काय असेल म्हणून मन तळमळायचं. तिसऱ्या दिवसापासून तळमळ कमी झाली. नवव्या दिवशी काम संपलं आणि ते काम आमच्याकडेच राहिलं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले, पेठ रोडच्या बाजूला दोन खोल्या. गावाहून सरांची मोठी बहीण आली होती. समितीकडून घरी चौकशीला माणसं येतात, देव कोणते, लग्नात काय करता, बोली येते का, असं विचारतात. मनीषा नाशकातच वाढलेली, माझ्यासारखंच शहरातलं बोलणारी. आत्या तिला कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, गाणी सांगत होत्या, वाघबारशीला वाघदेवाचं काय करतात ते सांगत होत्या, आणि ती वहीत लिहून घोकत होती. सर दारात उभे राहून मध्येमध्ये प्रश्न टाकायचे. ती चुकली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. तीनदा तोच प्रश्न विचारल्यावर मनीषानं वही बाजूला सारली.

"जी मी आहे, तेच पाठ करतेय मी, पप्पा," ती म्हणाली. "आणि नापास झाले तर?"

आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "भ्यायचं नाय पोरी. तू लय शहाणी हायेस." पण भ्यायल्या तर त्याही होत्या. मी तिथं बसून नागलीची भाकरी खाल्ली, आणि घासाघासाला आमच्या घरातले ते वेगळे कप आठवत राहिले.

सुनावणीच्या आठवडाभर आधी सर शेवटचं एकदा शाळेत जायचं म्हणाले. मी आपणहून म्हटलं, मी येते. ते, मी आणि मनीषा सकाळच्या एसटीनं निघालो. वाटभर त्यांनी फाइल किती वेळा उघडून मिटली, देव जाणे. शाळेतले गुरुजी भले. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्यांची नोंदवही, पुन्हा एकदा काढून दिली. जीर्ण पानं, कडा खाल्लेल्या. सर बोट ठेवून पवार शोधायला लागले. सोमा लहानू पवार. एक, दोन, तीन पवार. संपले.

मग शर्टाच्या खिशातून त्यांनी ती कागदाची पट्टी काढली. ऑफिसातली सवय, दुसरं काही नाही. ती त्यांनी पानावरच्या आडनावांवर उभी ठेवली आणि सुरुवातीपासून पुन्हा वाचायला लागले. नुसती मुलांची नावं आणि बापांची नावं. मी शेजारी उभी. चौथं पान, पाचवं पान. सहाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

धर्मा लहानू. पट्टी उचलली तर पुढे आडनाव नव्हतंच. त्या जागी नुसतं पाड्याचं नाव. आणि जातीच्या रकान्यात, कोकणा. शेवटच्या रकान्यात शेरा होता की सात दिवसांनी नाव काढलं.

"धर्माकाका," सर म्हणाले. "तो तर शाळेत गेलाच नाही, असं सगळे म्हणायचे."

वडिलांचा सख्खा थोरला भाऊ. बाप तोच, पाडा तोच. त्याला आडनाव सांगता आलं नसेल किंवा सांगावंसं वाटलं नसेल, म्हणून मास्तरांना विचारावं लागलं, आणि पोरानं स्वतः काय ते सांगितलं. सात दिवस बसून तो पळून गेला. आणि सर तीन वर्षं पवारच शोधत होते. ज्यानं आम्हाला आडनाव बघू नका म्हणून शिकवलं, तोही आडनावच बघत होता. ते त्यांनीच हसत हसत सांगितलं, डोळे पुसत. मनीषा मात्र हसली नाही. ती त्या नावावर कितीतरी वेळ बोट ठेवून बसली होती.

सुनावणीला त्यांनी मूळ रजिस्टरच गुरुजींसकट हजर केलं. निकाल लगेच लागला नाही. कॉलेजनं तो येईपर्यंतच्या मुदतीवर नाव ठेवून घेतलं आणि मनीषानं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष त्याच धास्तीत काढलं. पोस्टमन दिसला की सर ऑफिसच्या खिडकीतून त्याच्या पिशवीकडे बघत राहायचे, आणि घरची पत्रं तर घरी यायची. दीड वर्षानंतर वैधता प्रमाणपत्र आलं. सरांनी पेढे वाटले, खालच्याच दुकानातले, आणि दुपारी ते गायब झाले. तासाभरानं आले ते हातात झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. एक प्रत त्यांनी माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "आमच्याकडे आग लागली, पाणी शिरलं, तर कुठंतरी असावी."

मी चेष्टा करणार होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि प्रत पर्समध्ये ठेवली.

पुढे मी ती नोकरी सोडली, लग्न होऊन सिडकोत गेले. सर निवृत्त झाल्याचं कळलं. मनीषा डॉक्टर झाली, सरकारी दवाखान्यात लागली, हेही कानावर आलं. आणि दोन हजार नऊच्या हिवाळ्यात सकाळी पेठ नाक्यावर सर दिसले. मफलर, वरचं बटण लावलेलं, बगलेत तीच फाइल. मनीषाकडे निघाले होते. चौकशी झाली. तिच्या पेशंटांबद्दल, माझ्या मुलाबद्दल. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर जातीचा रकाना मी कोरा ठेवला होता, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते घाबरलेच. "तसं करू नका," म्हणाले. "कोरा ठेवू नका. तुम्ही स्वतः भरा, तुमच्या हातानं. नाहीतर कुणीतरी भरतं."

तेवढ्यात एसटी आली. ते घाईनं निघाले, गर्दीत शिरले, दरवाजाच्या दांड्याला हात घातला. आणि मग तो हात सोडून उतरून परत माझ्याकडे आले.

"ती प्रत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

ते मान हलवून गेले. पायरीवर चढले, थांबले, पुन्हा मागे वळून बघितलं. गाडी सुटेपर्यंत ते बघत होते आणि मी हात वर करून, आहे, आहे, असं सांगत होते.